एटीव्हीत कारचे ऑइल भरले, आता क्लच घसरतो

प्रश्न: एटीव्हीचे (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या, मोटरसायकलसारख्या चारचाकी गाडीचे) ऑइल प्रथमच स्वतः बदलताना मी कारचे ऑइल भरले आणि आता चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही. काय करावे?

उत्तर १: घाबरू नका. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल, तर कारच्या ऑइलमधील घर्षण कमी करणारी द्रव्ये प्लेटांची पकड सैल करतात. इंजिन जागेवरच थोडे गरम करून ऑइल काढा, फिल्टर बदला आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानके) लिहिलेले, माहितीपुस्तिकेतील ग्रेडचेच ऑइल भरा.

उत्तर २: जुने ऑइल कोपऱ्यांत उरते, म्हणून थोडे चालवून ते पुन्हा बदलावे. तरीही क्लच घसरला तर प्लेटा उघडून पाहाव्यात. त्या काळ्या पडून जळका वास येत असेल, तर नव्या घालाव्यात, मात्र बसवण्यापूर्वी त्या ऑइलमध्ये भिजवाव्यात.

प्रश्नकर्ता: दुसऱ्यांदा ऑइल बदलल्यावर गाडी तोच चढ सहज चढली. मनापासून आभार!