स्वस्तातल्या जुन्या स्टिरिओचा आवाज खरंच चांगला होता, की नुसती आठवण गोड आहे?

(प्रत्येक मजकुरावरचं नाव हे लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सोल्डरगन

जुन्या कॅसेट डेकचा, वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) पेट्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तुम्हाला तुमचं तारुण्य आठवतंय, आवाज नाही." मला हे पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर मांडतो.

मी बोलतोय तो काळ साधारण १९७८ ते १९९२. परदेशी हाय-फायवर जबर आयातकर होता. तो माल यायचा आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून, नाहीतर हाजी अलीच्या हिरा-पन्नातून. कॉस्मिक, सोनोडाईन ही देशी नावं चांगली होती, पण शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या पगाराला तीही जडच. मग उरायचा असेंबल्ड अ‍ॅम्प्लिफायर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. ८१० नंबरची आयसी (आवाज मोठा करणारी चिप), पुढे ४४४० नंबरची, १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमचं हीट सिंक. जास्त आवाज हवा असेल तर २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी. प्लायवूडची पेटी सुताराकडून करून घ्यायची, वर सनमायका, आत काचेच्या लोकरीचं अस्तर.

४४४० दोन चॅनलना मिळून जेमतेम बारा वॅट द्यायची. पण आठ इंची वूफर असलेली बरी पेटी एका वॅटला एक मीटरवर ८८-९० डेसिबल आवाज देते. बैठकीच्या खोलीला सहा वॅट पुष्कळ झाले. आजचा मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर घ्या. त्यातला थरथरून आवाज काढणारा पडदा दोन इंची. तो हवा ढकलणार किती? खर्ज ऐकू यावा म्हणून आतली चिप तो फुगवते, आणि आवाज वाढवला की खर्ज हळूच काढूनही घेते. शिवाय डावं-उजवं एकाच डबीत, म्हणजे स्टिरिओ नावापुरताच. भिंतीपासून थोड्या पुढे, सहा फुटांच्या अंतरावर ठेवलेल्या दोन साध्या पेट्यांमधून तबला एका बाजूला आणि व्हायोलिन दुसऱ्या बाजूला उभं राहतं. हा पदार्थविज्ञानाचा भाग आहे, आठवणींचा नाही.

आणि मडक्यातला स्पीकर! त्याला लोक आज हसतात. पण पडद्याच्या मागून निघणारी लहर पुढच्या लहरीला मारते, म्हणून मागची बाजू कोंडावी लागते. गोल, जाड, न थरथरणारं मातीचं भांडं त्यासाठी उत्तम होतं. ज्याला पेटी परवडत नव्हती त्याने कुंभाराकडून ध्वनिशास्त्र विकत घेतलं.

षड्ज

पेट्यांबद्दल वाद नाही. पण पेटीत जे जायचं ते कुठून यायचं? नव्वद टक्के घरांत कॅसेटमधून. तिथे तुमची बाजू कोसळते.

कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. इतक्या संथ वेगात जराशी थरथरही कानाला कळते. ढोलकी-कोरसच्या गाण्यात ती लपून जाते. तानपुऱ्यात लपत नाही. स्थिर षड्ज लावून ऐका. स्वस्त डेकवर तो डुगडुगतो. हार्मोनियमचा लांब सूर पाण्याखाली धरल्यासारखा हलतो.

त्याहून वाईट म्हणजे पट्टी, म्हणजे गाण्याच्या सुराची उंची. वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढला की सगळं गाणं अर्धा स्वर चढतं. पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये. आम्ही खासगी मैफलींच्या कॅसेट ऐकून शिकलो. प्रतीची प्रत, तिची प्रत. प्रत्येक वेळी हिस (टेपची सूं-सूं खरखर) वाढणार, तार सप्तकातलं तेज जाणार, वेग त्या-त्या डेकच्या मर्जीवर. आपल्या बुजुर्गांचा आवाज ज्या पट्टीत मनात पक्का बसला ती मुळात त्यांची पट्टीच नव्हती, हे नंतर चांगल्या डिजिटल प्रतीवरून कळलं. ज्या मींडेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यात) दोन श्रुतींचा, म्हणजे सूक्ष्म स्वरांचा, फरक हेच सगळं सौंदर्य, ती या यंत्रांनी आम्हाला अर्धवट ऐकवली. मला त्या यंत्रांबद्दल प्रेम वाटत नाही, चीड येते.

आणि जुनी भावगीतं, नाट्यपदं मोनोमध्येच ध्वनिमुद्रित झालेली. दोन पेट्या सहा फुटांवर ठेवून तुम्ही तोच आवाज दोनदा ऐकत होता.

सोल्डरगन

डुगडुग होती. बेल्ट सैल, रबरी रोलर चिकट, हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) काट चढलेला. पण यातलं प्रत्येक दुखणं घरी बरं होत होतं. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने हेड पुसायचं, बेल्ट नवा घालायचा. हेडच्या शेजारचा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवत 'स' आणि 'त' धारदार होईपर्यंत कान लावून बसायचं. कितीतरी शाळकरी पोरांनी हे केलं. ऐकणं म्हणजे काय, हे त्या स्क्रूने शिकवलं.

आणि ज्या मैफलींबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय, त्या उरल्याच कशामुळे? आकाशवाणीने सगळं जपलं नाही, रेकॉर्ड कंपन्या तीन तासांची मैफल काढणार नव्हत्या. पहिल्या रांगेत मांडीवर स्वस्त रेकॉर्डर घेऊन बसलेल्या रसिकाने ती जपली. तुमची आजची डिजिटल प्रत त्याच्याच कॅसेटवरून आलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

षड्ज

हा मुद्दा मोलाचा आहे, त्या रसिकांचं ऋण आहेच. पण ते ध्वनिमुद्रण करण्याचं झालं. ऐकण्याचं साधन म्हणून त्याचं कौतुक करायचं कारण मला अजून दिसत नाही.

नाशिकरोड

दोन काळांची सरमिसळ होऊ नये म्हणून लिहितो. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि चकचकीत मिनी सिस्टिम आल्या. तीन सीडींचा ट्रे, नाचणारे दिवे, आणि समोर स्टिकर: १००० वॅट पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट), २००० वॅट पीएमपीओ. यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचली तर भिंतीतून ते ओढायचं साठ-सत्तर वॅट. जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त बाहेर येऊ शकत नाही. सेकंदाच्या अंशापुरता कल्पिलेला आकडा सगळे स्पीकर बेरजेला धरून छापायचा, असा तो प्रकार. घरोघरी लोकांनी कर्ज काढून ते आकडे विकत घेतले.

असेंबल करणारा गल्लीतला माणूस मात्र स्पष्ट सांगायचा, "साहेब, वीस वॅट आहे, पंचवीस मागू नका." म्हणून मी सोल्डरगन यांच्या बाजूने, पण फक्त १९९१ पर्यंत.

चाळीतली

इथे सगळे वॅट आणि डेसिबल मोजताहेत. आवाजाची कळ कुणाच्या हातात होती, ते कुणीच विचारत नाही.

दोन खोल्यांचं घर. स्टिरिओ बाबांचा. त्यावर काय लागणार ते ते ठरवणार, नाहीतर भाऊ. आई ओट्यापाशी उभी राहून जे कानावर पडेल ते ऐकायची. तिला काय आवडतं हे आम्हाला तिच्या म्हातारपणी कळलं, हातात फोन आल्यावर. बहिणीची दहावी असो की माझा ताप, रविवारी सकाळी पेट्या दणाणणारच. शेजाऱ्यांनाही सुटका नव्हती. "सगळं घर एकत्र ऐकायचं" असं हळवं होऊन लिहिणारे बहुतेक कळ फिरवणारेच असतात.

मला पहिल्यांदा स्वतःचं गाणं मिळालं ते साध्या वॉकमनसारख्या खेळण्यात, तारेच्या इयरफोनवर. आवाज पातळ होता. पण तो माझा होता. आज लोकलमध्ये उभी असलेली मुलगी कानात दोन बोंडं घालून तिला हवं ते ऐकते. तिच्याकडे आठ इंची वूफर नाही म्हणून तिचं काही अडलेलं नाही.

सोल्डरगन

तुमच्या आईंबद्दलचं वाचून थांबलो. यावर वाद घालणार नाही. आमच्याही घरात कळ पुरुषांच्याच हातात होती. आवाजाचा दर्जा आणि घरातला हक्क हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा मोठा आहे.

तबकडी

जुन्या रेकॉर्ड घेणाऱ्यांसाठी. त्या काळच्या स्वस्त प्लेअरमध्ये सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) असायचं आणि सुई पाच-सहा ग्रॅमच्या भाराने रेकॉर्डवर टेकायची. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. त्यात सुई वर्षानुवर्षं बदलायचीच नाही. परिणाम जुन्या बाजारात दिसतो: वरून लखलखीत एलपी, पण गायक आवाज चढवतो तिथे चरचरते. ते धूळ असल्यासारखं वाटतं, पण धुऊन जात नाही, कारण खोबणीची भिंतच खरवडली गेली आहे. हौसेपोटी सुटकेससारखे नवे स्वस्त प्लेअर घेतले जाताहेत, त्यांतल्या बऱ्याच प्लेअरमध्ये तेच सिरॅमिक कार्ट्रिज आहे. आजीची एकुलती एक रेकॉर्ड कृपया त्यावर लावू नका.

फ्यूजवायर

दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून दोन्ही बाजू रोज टेबलावर येतात.

मी रोमँटिक नाही. तीस-चाळीस वर्षांचा सेट आला की आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात, म्हणून हम, म्हणजे सतत घूं असा आवाज, येतो. बेल्ट वितळून डांबर झालेला. वूफरची कडा फोमची असेल तर हात लावताच भुगा. बऱ्याच सेटना अर्थिंग नाही, दोन पिनांची वायर, वर उंदराने कुरतडलेली. असा सेट "विंटेज" म्हणून हजारो रुपये देऊन विकत घेऊ नका, आणि घेतलाच तर तपासल्याशिवाय २३० व्होल्टला लावू नका.

पण घरात आधीच पडून असेल तर भंगारातही देऊ नका. कपॅसिटर मिळतात, ४४४० अजून मिळते, फोमच्या जागी रबराची कडा बसते. मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं, त्याला वायर करून फोन किंवा ब्लूटूथचा रिसीव्हर जोडता येतो. त्या इनपुटला थोडा सिग्नल पुरतो, फोनचा आवाज कमी ठेवा, नाहीतर फाटेल.

आजचा छोटा स्पीकर माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा बॅटरी गेलेली असते. खोका गोंदाने बंद. उघडताना प्लास्टिक तुटतं. गिऱ्हाइकाला "नवीन घ्या" सांगावं लागतं. ते सांगायला मला आवडत नाही.

षड्ज

म्हणजे फोनवरून स्वच्छ आवाज आणि बाहेर जुनी पेटी. ही जोडणी मी मनापासून स्वीकारेन. पण मग कॅसेटचा युग-महिमा तिथेच संपला. चांगली होती ती पेटी आणि तिच्यामागचा साधा अ‍ॅम्प्लिफायर.

सोल्डरगन

कॅसेटसाठी मी भांडलो ते जतनासाठी. पेटी आणि अ‍ॅम्प्लिफायर, हो, माझा मूळ दावा तोच. आणि फ्यूजवायर यांनी सांगितलं तेही त्यात जोडतो. स्क्रू काढला की आत काय आहे ते दिसायचं. गरीब घरातल्या मुलालाही ट्रान्सफॉर्मर कुठला, डायोड कुठला ते बोट ठेवून सांगता यायचं. आजच्या स्वस्त वस्तूने त्याच्याकडून तेवढं काढून घेतलं आहे.

चाळीतली

फ्यूजवायर, बाबांच्या पेट्या अजून माळ्यावर आहेत. कडा फोमचीच आहे, तुम्ही म्हणता तशी भुगा झालेली. पण दोन खोल्यांत सहा फुटांचं अंतर ठेवायला जागा कुठे आहे? सगळ्या सल्ल्यांत ते घर गृहीत धरलेलंच नाही.

फ्यूजवायर

मोठ्या पेट्या खाली आणूच नका. त्यांतले ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) शाबूत असतील तर काढून ठेवा, चार इंची नवा वूफर घेऊन पुस्तकाच्या कप्प्यात मावेल अशी पेटी करता येते. अंतर तीन फूट चालेल, मात्र तुम्हीही तेवढंच जवळ बसा, आणि पेट्या कानाच्या उंचीला हव्यात, माळ्यावर नको. खर्ज कमी मिळेल. शेजाऱ्यांना ते बरंच पडेल.