मूल नव्हतं म्हणून दान केलं, यात कसला मोठेपणा?

परळचा पोपट: टाटांच्या दानशूरपणाची आरती ऐकून कान किटले. जमशेदजींचे दोन्ही मुलगे निपुत्रिक. रतनजी १९१८ मध्ये गेले, दोराबजी १९३२ मध्ये. पैसा काही वर नेता येत नाही, म्हणून ट्रस्ट केले. घरात चार पोरं असती तर कोर्टकचेऱ्याच झाल्या असत्या.

हिशेबनीस: जमशेदजींना तर दोन कर्ते मुलगे होते ना? तरी १८९८ मध्ये त्यांनी मुंबईतल्या इमारती आणि जमिनी, जवळजवळ अर्धी इस्टेट, विज्ञान संस्थेसाठी (आजची बंगळुरूची आयआयएस्सी) देऊ केली. १९०४ मध्ये ते वारले. सरकारचा घोळ संपता संपेना, संस्थेला १९०९ उजाडलं. तेवढ्यात मुलांनी हात वर केले असते तर कोण विचारणार होतं?

फुकटचा सल्लागार: अहो, ट्रस्ट म्हणजे वारसाकर चुकवायची पळवाट. एवढं कळत नाही?

हिशेबनीस: भारतात मृत्युकराचा कायदा १९५३ चा. दोराबजी त्याच्या एकवीस वर्षं आधी गेले.

गिरगावकरीण: दोराबजींच्या पत्नी मेहेरबाईंचं नाव कुणीच घेत नाही! १९२४ मध्ये जमशेदपूरच्या कारखान्यात पगाराला पैसे उरले नव्हते. तेव्हा दोराबजींनी स्वतःची मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकली, बाईंच्या दागिन्यांसकट. त्यात २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९३१ मध्ये त्या रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे तो हिराही ट्रस्टकडेच गेला, आणि १९४१ मध्ये परळला ट्रस्टच्या पैशातून कॅन्सरचं हॉस्पिटल उभं राहिलं. पोपटराव, तुमच्या दारातच आहे की.

परळचा पोपट: हॉस्पिटलला कोण नावं ठेवतंय? मी वारशाबद्दल बोलतोय. रतनजींच्या पत्नी नवाजबाईंनी पारशी अनाथाश्रमातल्या नवलला दत्तक घेतलंच. १९३८ मध्ये टाटा समूहाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले जेआरडी, तेही नात्यातलेच. इस्टेट दिली, सत्ता घरातच ठेवली.

हिशेबनीस: हा मुद्दा बरोबर आहे, सुरुवातीलाच मांडायचा होतात. पण समूहाची मुख्य कंपनी टाटा सन्स, तिचे सुमारे ६६ टक्के शेअर आज ट्रस्टांकडे आहेत. खुर्चीवर कुणीही बसो, त्या शेअरांचा लाभांश त्याच्या घरी जात नाही.

परळचा पोपट: आणि ट्रस्टी कोण व्हायचं, ते कोण ठरवतं?