चांदणी लावा, पण आधी बोर्ड बघा

दिवाळीतलीच माळ नाताळच्या चांदणीला चालेल का, असं वरती ताईंनी विचारलंय. चालेल की! फक्त वायर नीट बघून घ्या. सोललेली किंवा चिकटपट्टी मारलेली असेल तर सरळ टाकून द्या. एलईडी माळ वीज खातेच किती? घोळ बोर्डात असतो. ६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट झेपवतो, आणि आपल्याकडं डिसेंबरच्या थंडीत हीटरही त्यालाच लावतात, काय बोलायचं!

मला मात्र जास्त धास्ती लुकलुकणाऱ्या खेळण्यांतल्या चपट्या बटण-सेलची वाटते. पोरानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. उलटी काढायच्या नादाला लागू नका, थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा.