मदत हवी आहे - फ्लूनंतर भावाच्या हृदयाला सूज
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ, वय २६, कबड्डी खेळणारा, कसलंही व्यसन नाही. गेल्या महिन्यात फ्लू झाला, ताप चार दिवसात उतरला, आम्हाला वाटलं सुटलो. पण आठवड्याने जिना चढताना मधेच कठडा धरून उभा राहिला, ओठ पांढरे पडलेले, आणि रात्री आडवं झालं की दम लागायचा म्हणून तीन उशा घेऊन बसून झोपायचा. आई म्हणाली अशक्तपणा आहे, मीही ऐकलं, त्याचंच वाईट वाटतं.

ईसीजीत बदल, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, अँजिओग्राफी नॉर्मल, टू-डी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाचं पंपिंग ४० टक्के (नॉर्मल साधारण ५५ च्या वर असतं). डॉक्टर म्हणाले मायोकार्डायटिस, व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूला सूज. गोळ्या चालू आहेत, ३ ते ६ महिने खेळ, जिम पूर्ण बंद सांगितलंय. आता त्याला बरं वाटतंय म्हणून तो मैदानावर जायचं म्हणतोय, मला भीती वाटते.

कुणाच्या घरी असं झालंय का? पंपिंग परत नॉर्मल यायला किती दिवस लागले? कार्डियाक एमआरआय सांगितलाय, पुण्यात साधारण खर्च किती येतो? प्लीज सांगा.