मदत हवी आहे: ओहोटीत कड्याखालून जायला वेळ किती मिळतो?

भटकभवानी
परवा सकाळी निघायचंय, त्यामुळे जरा लवकर सांगा. समुद्रकाठच्या एका छोट्या गावात येऊन थांबलेय. इथून पुढच्या किनाऱ्यावर कड्याखालून चालत जाता येतं म्हणतात. वरून डांबरी रस्ता आहे, पण तो नकोय. खाली गुहा आहेत, खडकात पाण्याची कुंडं आहेत, सगळी मजा तिथेच. परवा ओहोटी ११:४० ला आहे. मुक्कामाच्या जागी विचारलं तर "दोन तासांत आरामात" एवढंच उत्तर मिळालं. ओहोटीच्या किती आधी निघू? आणि "गूगल करा" म्हणू नका, ते करूनच आलेय.

कंपासपेटी
गाव कुठलं? अंतर किती? वाळू की खडक? मध्ये ओढा किंवा खाडी? अध्येमध्ये कडा चढून वर यायला वाट आहे का? एकट्याच आहात का? यातलं काहीच कळल्याशिवाय काय सांगणार?

सॅकबहाद्दर
पायात काय घालणार ते आधी सांगा. खडकावर सँडलच हवी. बूट एकदा भिजला की दिवसभर पायाशी डबकं.

निळाई
सँडल अजिबात नको! ते पांढरे खरखरीत शंख खडकाला चिकटलेले असतात ना, त्यांच्यावर बोट घासलं तर सोलवटून निघतं. जुना, पाणी निथळून जाईल असा बूट घाला.

सॅकबहाद्दर
ज्याला चालता येतं त्याचं बोट घासत नाही.

भटकभवानी
बुटांचं मी विचारलंच नाहीये.
@कंपासपेटी, गावाचं नाव मुद्दाम देत नाही, अशा जागांची नावं बाहेर पडली की काय होतं ते माहितीये. साधारण पाच किलोमीटर. आधी वाळू, मग बराच वेळ मोठे धोंडे, शेवटी एक ओढा समुद्राला मिळतो. मधे वर यायला वाट दिसली नाही. एकटीच आहे, पाठीवर पूर्ण सॅक. एका भटक्याने टाकलेल्या फोटोत कड्याखाली चांगली रुंद वाळू दिसतेय.

दर्याकिनारा
वेळ कळली, पण ओहोटीची उंची किती? तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये आकडा असतो.

भटकभवानी
१.६. त्याने काय फरक पडतो? ओहोटी ती ओहोटीच ना?

दर्याकिनारा
सगळा फरक त्यानेच पडतो. परवा अष्टमीच्या पुढेमागेच आहे. म्हणजे भांगाचे दिवस. भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. फोटो ज्या दिवशीचा आहे ती तारीख बघा. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एकदोन दिवस असतील, तर ते उधाणातलं पाणी. तेव्हा ओहोटीत पाणी खूप मागे हटतं आणि कड्याखाली वाळूचा रस्ता मोकळा होतो. परवा ११:४० लाही ती वाळू पाण्याखालीच असण्याची शक्यता जास्त. "किती आधी निघू" हा प्रश्न त्यानंतरचा.

भटकभवानी
फोटो पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा निघाला. मग आठवडाभर थांबले तर?

दर्याकिनारा
ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात जवळपास सहा तास. म्हणजे तुम्हाला हवी ती खोल ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येणार. पहाटे अंधारात धोंड्यांवर सुरुवात, नाहीतर संध्याकाळी अंधारात शेवट.

खारावारा
एवढं घाबरवू नका हो. मी अशाच एका कड्याखालून कमरेएवढ्या पाण्यातून सॅक डोक्यावर धरून गेलोय. काही होत नाही.

कंपासपेटी
तुम्हाला झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. लाटेने एकदा पाय उचलला की डोक्यावरची सॅक तुम्हाला खडकावर आपटते. पाण्यात उतरावंच लागलं तर कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे सॅक टाकून देता येते. आणि वर यायला वाट नाही म्हणतायत त्या. अडकल्या तर जाणार कुठे?
पाणी एका लयीत चढत नाही, हेही लक्षात घ्या. सहा तासांत पाण्याचा चढ बारा भागांचा धरला तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. पहिल्या तासात सगळं शांत वाटतं आणि मग मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं. ओहोटी संपल्यावर निघालात तर नेमक्या धोंड्यांच्या पट्ट्यात सापडाल.

निळाई
अवांतर: कुंडांचे फोटो काढणार असाल तर पोलराइझर न्या. पाण्यावरची चमक जाऊन तळ दिसतो.

सॅकबहाद्दर
आणि रात्री तंबू किनाऱ्यावर लावणार असाल तर वाळलेल्या शेवाळाच्या रेषेच्या वर लावा.

भटकभवानी
तंबूच नाहीये माझ्याकडे!!
पाच किलोमीटरला दोन तास खरंच पुरत नाहीत का? मी ताशी चार-पाचने चालते.

दर्याकिनारा
ओल्या घट्ट वाळूवर चालाल. सॅक घेऊन शेवाळलेल्या धोंड्यांवर निम्म्यानेही जमणार नाही. शिवाय तक्ता बहुतेक जवळच्या बंदराचा असतो, तुमच्या किनाऱ्यावर वेळ थोडी इकडेतिकडे होते. वारा समुद्राकडून जोरात असेल किंवा हवेचा दाब उतरला असेल तर पाणी तक्त्यापेक्षा वरच राहतं. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं.
उद्या नुसतं जाऊन कड्याचा पाया बघा. ते पांढरे शंख खडकावर कुठवर चिकटलेत? तिथवर पाणी नेहमी पोहोचतं. तुमच्या डोक्याच्या वर असतील तर भरतीत तिथे उभं राहायला जागा नाही.

खारावारा
एवढा विचार केला तर माणूस घराबाहेर पडायचा नाही.

कंपासपेटी
कॅलिफोर्नियातल्या लॉस्ट कोस्ट ट्रेलचे काही लांब पट्टे भरतीत चालण्याजोगे राहत नाहीत, म्हणून तिथे जाणारे लोक भरतीचा तक्ता बरोबर घेऊनच निघतात. तेही घराबाहेर पडलेलेच आहेत.

भटकभवानी
आज संध्याकाळी जाऊन बघितलं. शंख माझ्या खांद्याच्याही वर आहेत, आणि त्यांच्या वर काळा पट्टा. सॅक घेऊन वरच्या रस्त्याने जातेय. पण त्याआधी, परवा सॅक खोलीवर ठेवून गावाच्या बाजूने पहिल्या गुहेपर्यंत जाऊन येईन. वाळूचाच भाग आहे, अर्ध्या तासाचं अंतर. हे तरी चालेल?

दर्याकिनारा
चालेल. साडेदहाला निघा, पाण्याच्या मागे मागे जा. ११:४० ही पोहोचायची वेळ समजू नका, परत फिरायची समजा. मुक्कामाच्या जागी किती वाजेपर्यंत येणार ते सांगून ठेवा. गुहेच्या आत शिरलात तर बाहेरचं पाणी दिसत राहील एवढंच आत जा.

सॅकबहाद्दर
वाळूच असेल तर मग सँडल.