खर्रा सोडायचा आहे आणि शेतीचा जमाखर्च रोज लिहायचा आहे. सल्ला हवा (महिना ५०० रुपयांच्या आत)

धुऱ्यावरून (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी असून वय ३९ आहे. अकरा एकरांत पऱ्हाटी (कापूस), तूर आणि थोडे सोयाबीन असते. गेली सतरा वर्षे मी खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण, खातो. एरवी दिवसाला सहा आणि वेचणीच्या दिवसांत सात. आमच्या पानठेल्यावर एक खर्रा २० रुपयांना घोटून मिळतो. आतापर्यंत तीनदा सोडून पाहिला: एकदा आषाढीला, एकदा मुलीच्या जन्मानंतर आणि एकदा पोळ्याच्या दिवशी बैलांसमोर शपथ घेऊन. त्यातला सर्वांत लांबचा काळ एकोणीस दिवसांचा होता. विसाव्या दिवशी मजूर सांगायला ठेल्यावर गेलो, तेव्हा ओळखीच्या माणसाने काही न विचारता खर्र्याची पन्नी पुढे केली आणि मीही काही न बोलता चिमूट उचलली.

दुसरी गोष्ट अशी की, बियाणे, फवारणी, मजुरी आणि भाडे यांचा हिशेब रोज लिहिण्याची सवय मला लावून घ्यायची आहे. दर जूनमध्ये नवी वही आणतो; पोळ्यापर्यंत ती बंद पडते आणि उरलेल्या पानांवर मुलगी चित्रे काढते. दोन्ही गोष्टींसाठी मिळून महिन्याला ५०० रुपयांपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही. वावरात रेंज नसते, म्हणून मोबाइलवरचे उपाय कृपया सुचवू नयेत.

संत्राबाग_वरुड
भाऊ, बजेट थोडे वाढवा आणि मनगटावर बांधायचे स्मार्टघड्याळ घ्या. मी ४,५०० रुपयांना घेतले आणि त्या पैशांचे सोने झाले असे मी मानतो. ते दर तासाला थरथरून उठायला सांगते, पावले मोजते आणि झोपेचा आलेखही दाखवते. पूर्वी मी बागेत बांधावर बसूनच मजुरांवर देखरेख करत असे. आता रोज आठ हजार पावले होतात. मला तंबाखूचे व्यसन कधीच नव्हते, त्यामुळे त्या बाबतीत अनुभव नाही. पण शिस्त ही शिस्तच असते.

झाडीपट्टीचा_माणूस
कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते आणि एकवीस दिवसांतच सुटते, हे सर्वमान्य आहे. तुम्ही एकोणीस दिवस काढले होते, म्हणजे फक्त दोन दिवस कमी पडले. पुढच्या वेळी ते दोन दिवस सासुरवाडीला जाऊन काढावेत.

निवृत्त_गुरुजी
वरील प्रतिसादातील एकवीस दिवसांचा आकडा मी स्वतः तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो, म्हणून तो चुकीचा आहे हे सांगण्याची जबाबदारीही माझीच आहे. एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिले होते की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'निदान' हा शब्द वाटेत गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांचा बारा आठवडे अभ्यास केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असे दिसले. मात्र माणसागणिक आणि कृतीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकला तरी घडी मोडत नाही, हेही त्यातून कळले, आणि तुमच्या वहीसाठी तेच अधिक कामाचे आहे. एक दिवस चुकला म्हणून वही मुलीच्या हवाली करण्याचे कारण नाही.

मात्र तो अभ्यास फळ खाणे, पाणी पिणे, व्यायाम करणे अशा नव्या सवयींचा होता. निकोटिनचे व्यसन ही वेगळी बाब आहे, तिला हा आकडा लावू नये.

आशाताई_पांढरकवडा
दादा, मी आशा म्हणून काम करते. सवयीबद्दल नंतर बोलू, आधी एक करा. आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडा आणि तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का ते पाहा. सहसा ती जायला हवीत. तिखट भाजी पूर्वीपेक्षा जास्त झोंबते का, गालाच्या आतला भाग पांढुरका किंवा ताठ लागतो का, हेही पाहा आणि इथे कळवा.

पांढरं_सोनं
मी खर्रा सोडून चार वर्षे झाली. युक्ती सोपी आहे: तंबाखू काढून टाका आणि साधी सुपारी ठेवा. तोंडाला चाळा मिळतो आणि विषही पोटात जात नाही. माझ्या खिशात आजही सुपारीची पुडी असते, दिवसाला दहाबारा होतात.

आशाताई_पांढरकवडा
भाऊ, कृपया हा सल्ला कोणीही मानू नये. तोंड आखडण्याच्या ज्या आजाराला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, त्याचे मुख्य कारण सुपारीच आहे, तंबाखू नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. आखडलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही. सुपारी थांबवली तर पुढचे आखडणे रोखता येते. तुमचीही तीन बोटे जातात का ते पाहा.

पांढरं_सोनं
माझे आजोबा नव्वद वर्षे जगले आणि शेवटपर्यंत अडकित्ता त्यांच्या उशाशी होता. तरीही पाहून सांगतो.

चुना_पुरे
मी निकोटिनचे च्युइंगगम घेतले होते. औषधाच्या दुकानात दोन मिलिग्रॅमचे चिठ्ठीशिवाय मिळाले. कसे खायचे हे कोणी सांगितले नाही, म्हणून साध्या गमसारखे सतत चघळत राहिलो; वर दिवसभर चहा सुरूच होता. उचकी लागली, घसा जळजळला, मळमळ झाली आणि तिसऱ्या दिवशी डबी कपाटात गेली. नंतर एका दंतवैद्याने समजावले की, ते थोडे चावायचे, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचे आणि चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचे. शिवाय त्याच्या पंधरा मिनिटे आधीपासून चहा घ्यायचा नाही, कारण तोंडात आंबटपणा असेल तर निकोटिन गालातून नीट शोषले जात नाही. तसे केल्यावर उपयोग झाला. दिवसाला आठ गम लागत होते, त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च दोन हजारांवर गेला.

तुमच्या बजेटबद्दल आदरपूर्वक एक हिशेब मांडतो. दिवसाला सहा खर्रे म्हणजे १२० रुपये, महिन्याला ३,६०० आणि वर्षाला ४३,२००. एवढे पैसे लावण्यासाठी आपण कधी बजेट ठरवले नाही आणि सोडण्यासाठी मात्र ५०० ची मर्यादा घातली. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. माझेही अगदी असेच होते.

धुऱ्यावरून (धागाकर्ता)
हिशेब बरोबर आहे. तो वाचल्यावर थोडा वेळ ठेल्यावर गेलो नाही. मग गेलो. गमचा विचार करतो, पण एका महिन्याचे दोन हजार एकदम काढणे वेचणीच्या दिवसांत जमणार नाही, कारण मजुरी रोख द्यावी लागते.

सेलूचा_वाटसरू
सर्वांनी वस्तू सुचवल्या, परंतु भाऊ विसाव्या दिवशी कशामुळे घसरले ते त्यांनीच पहिल्या परिच्छेदात लिहिले आहे आणि तिकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही. आपल्या गावांत ठेला म्हणजे केवळ पानाचे दुकान नसते. उद्याचे मजूर तिथेच ठरतात, कापसाचा भाव तिथेच कळतो, कोणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे हेही तिथेच समजते. खर्रा सोडणारा माणूस महिनाभर ठेला टाळतो, त्यामुळे त्याची कामे अडतात, आणि एक दिवस नाइलाजाने गेला की सगळा निर्धार एका चिमटीत संपतो. मी सोडला तेव्हा मजूर सांगण्याचे काम वर्षभरासाठी धाकट्या भावाकडे दिले आणि त्याच्या बदल्यात त्याच्या वाटणीची रात्रीची ओलिताची पाळी मी घेतली. थंडीत रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला जाणे सुखाचे नव्हते. पण तिथे पन्नी पुढे करणारा कोणी नव्हता.

ज्यांना भाऊ नाही त्यांनी निदान एक वाक्य आधी ठरवून ठेवावे. 'कोणी पन्नी पुढे केली, तर मी खिशातले भाजलेले जवस काढून त्याच्यापुढे धरीन,' असे मी ठरवले होते. 'खाणार नाही' या निश्चयापेक्षा 'अमुक झाले तर तमुक करीन' हे त्या क्षणी जास्त आठवते.

वावरातली_वहिनी
जमाखर्चाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरीही वही ऑगस्टमध्ये बंद पडायची, कारण ती कपाटात असायची आणि पेन शोधावा लागायचा. मी वहीला भोक पाडून दोरी बांधली, त्याच दोरीला पेन बांधला आणि ती देवघराजवळच्या खिळ्याला टांगली. सांजवात लावली की आधी त्या दिवसाचा आकडा लिहायचा आणि मग चहा ठेवायचा. सांजवात कधी चुकत नाही, म्हणून वहीही चुकत नाही. ज्या दिवशी खर्च झाला नाही त्या दिवशी 'काही नाही' असे लिहावे, रिकामी जागा सोडू नये. एकूण खर्च वहीसह ६० रुपये आला.

आणि जाता जाता सांगते, खर्रा हे केवळ पुरुषांचे व्यसन असल्यासारखे सर्वजण लिहीत आहेत. सकाळी दातांना तंबाखूचा गुडाखू घासणाऱ्या आणि दुपारी वेचताना ओटीतून पुडी काढणाऱ्या बायका प्रत्येक वावरात आहेत. त्यांना कोणी सल्ला देत नाही आणि त्यांचे बजेटही कोणी विचारत नाही.

निवृत्त_गुरुजी
वहिनींच्या उपायात मी एक भर घालतो. वहीत एक रकाना खर्र्याचा ठेवावा आणि प्रत्येक खर्र्याचे २० रुपये त्यात लिहावेत. त्यामुळे एका सवयीने दुसरीवर पहारा राहील.

धुऱ्यावरून (धागाकर्ता)
गुरुजी, वही घरातील सर्वजण वाचतात. माझ्या पत्नीच्या माहितीप्रमाणे मी दिवसाला तीन खातो.

झाडीपट्टीचा_माणूस
गडचिरोली जिल्ह्यात दारू आणि तंबाखूच्या विरोधात २०१६ मध्ये मुक्तिपथ अभियान सुरू झाले. गावाने मिळून ठरवले की एकट्याला सोडणे सोपे जाते, हे मी माझ्या आत्याच्या गावात पाहिले आहे. तुमच्या गावानेही ठराव घ्यावा.

चुना_पुरे
राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि तरीही काय काय मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. ठरावाने ठेला बंद झाला तर शेजारच्या गावचा ठेला चालतो. यावर वेगळा धागा काढावा.

झाडीपट्टीचा_माणूस
ज्याने तीन दिवसांत डबी कपाटात ठेवली, त्याने ठरावांना नावे ठेवू नयेत.

आशाताई_पांढरकवडा
आपसांत भांडू नका. दादा, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवून देतात आणि पुढे स्वतःहून फोनही करतात. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन मिळते आणि तिथे गमबद्दलही विचारता येईल. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोके जड होणे, झोप न लागणे हे सर्वांत जास्त होते, त्यानंतर ते ओसरू लागते. म्हणून ते दिवस वेचणीच्या ऐन धांदलीत येऊ देऊ नका.

बोटांबद्दल तुम्ही अजून उत्तर दिलेले नाही.

संत्राबाग_वरुड
घड्याळावर सध्या सवलत सुरू आहे, म्हणून पुन्हा आठवण करून देतो.

धुऱ्यावरून (धागाकर्ता)
पाच आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी मनापासून लिहिले, तरी मी जे केले ते कोणीच सुचवले नव्हते. मी खर्रा एकदम सोडला नाही. विकतचा आणि दुसऱ्याच्या पन्नीतला खायचा नाही, एवढेच ठरवले. सुपारी, तंबाखू आणि चुना तीन वेगळ्या डब्यांत घालून घरच्या माळ्यावर ठेवले. खायचा असेल तर वावरातून घरी यायचे, शिडी लावायची, डबे उतरवायचे, स्वतः घोटायचे आणि डबे परत वर ठेवायचे. ठेल्यावर जाणे सुरूच आहे. तिथे 'घरचाच खातो' असे सांगितले की लोक हसतात, पण आग्रह करत नाहीत, कारण त्यांना मी सोडल्यासारखा वाटत नाही. सातवरून दोनवर आलो आहे. एक सकाळी आणि एक रात्री जेवणानंतर. पहिल्या आठवड्यात दुपारी शिडीवर चढउतार करताना पत्नीने पाहिले, त्यामुळे तीनचा आकडा आता घरात कोणी मानत नाही. गुरुजी, मग रकानाही घातला.

वही देवघराजवळ टांगली आहे. पस्तीस दिवसांपैकी नऊ दिवस कोरे आहेत.

निवृत्त_गुरुजी
प्रामाणिकपणे सांगतो, मला हा मार्ग पटलेला नाही. दोनवरून पुन्हा सातवर जायला एक लग्नसराई पुरते. कमी करणे हे सोडणे नव्हे, आणि सामान घरातच ठेवणे म्हणजे मांजराला शिंक्याखाली झोपवणे आहे. रकान्याबद्दल मात्र आनंद झाला.

पांढरं_सोनं
माझी तीन बोटे गेली, पण ओढून. सुपारी बंद केलेली नाही. विचार करतो आहे.

आशाताई_पांढरकवडा
दादा, सातवरून दोन हे चांगले आहे, पण माळ्यावरच्या डब्यांत सुपारी आहेच. मी तिसऱ्यांदा विचारते, बोटे किती जातात?

धुऱ्यावरून (धागाकर्ता)
पहिल्या दिवशीच पाहिले होते, ताई. दोन जातात, तिसरे अडकते.

आशाताई_पांढरकवडा
मग या आठवड्यातच नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन तोंड दाखवा. सकाळी लवकर पोहोचा, कारण नोंदणीला रांग असते, आणि आधार कार्ड सोबत ठेवा. घरच्या वहिनींना घेऊन जा.

धुऱ्यावरून (धागाकर्ता)
गुरुवारी जातो. एसटीचे भाडे वहीत लिहून ठेवले आहे.