मदत हवी आहे : नॉर्थरिजला रोज घरून ये-जा जमते का?

नमस्कार मंडळी. भाची ऑगस्टपासून लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, नॉर्थरिजला जाणार आहे. राहणार माझ्याकडे, सिमी व्हॅलीत. होस्टेलचा खर्च तेवढाच वाचेल. १९५८ सालचं सरकारी विद्यापीठ, बहुतेक मुलं घरून येणारी, त्यामुळे पार्किंगचं प्रस्थ मोठं. (१९९४च्या भूकंपात तिथली पार्किंगची अख्खी इमारतच बसली होती!) आमच्याकडे गाडी एकच, ती मी कामावर नेतो. मेट्रोलिंक या लोकल रेल्वेनं नॉर्थरिज स्टेशन गाठता येतं, पण तिथून कॅम्पसपर्यंत काय? संध्याकाळचे वर्ग घेतले तर परतीचं काय? आणि तास संपला की जो तो गाडीकडे पळतो म्हणे. मग मैत्रिणी जमायच्या कुठे? ताईला खरा घोर त्याचाच आहे. कुणी शिकलंय का तिथं?